शिंगाचा वाघ

“हे झाकण आहे, दादा. धूपदाणीचं झाकण. देव नाही,” देवराम म्हणाला.

साखरशेतच्या शिवेवर ऐनाच्या झाडाखाली तो थोरल्या भावासमोर, फागूसमोर उभा होता. जव्हारहून जीप करून आला होता. वाटेतल्या दगडापाशी बूट-मोजे काढले आणि तिथून तडक भांडायलाच सुरुवात केली. आदल्या दिवशी वाघबारशीची पूजा झाली होती. नारळाच्या करवंट्या आणि कोंबड्यांची पिसं अजून तिथेच पडली होती.

चौथऱ्यावर वाघदेव बसला होता. वीतभर उंचीचा. अंग घोड्याचं, तोंड सिंहाचं, पाठीवर माशासारखे खवले आणि कपाळावर एक शिंग. पितळेच्या बारीक तारांमध्ये भरलेला निळा-हिरवा मिना शेंदराखालून जेमतेम दिसत होता. खालच्या खोबणीत फागूने निखाऱ्यांवर धूप टाकला होता. धूर देवाच्या उघड्या तोंडातून बाहेर येत होता.

“आमच्या ऑफिसातल्या साहेबांनी ओळखलं. चीनचा प्राणी आहे हा. खाली भांडं असतं, वर हा. माझ्या कपाटात नुसतं भांडं बघून म्हणाले, झाकणासकट पाहिजे.”

“त्याला कशाला द्यायचा?”

“माझी बदली निघालीय. पार गडचिरोलीला. त्यांनी मनात आणलं तर थांबेल. प्रतिभाची शाळेतली नोकरी जव्हारला, पोरगी दहावीला. मी तिकडे एकटा जाऊन काय करू, दादा?”

इथे देवरामचा आवाज मऊ झाला. अडला हरी गाढवाचे पाय धरी. पण हे गाढव लाथा मारणारं होतं.

“आईच्या मागं वाटणी तूच केलीस,” फागू म्हणाला. “भांडं तू घेतलंस. तुझी बायको बोलली, हे दातवालं ध्यान घरात नको. म्हणून मी उचललं. तवा नव्हता का हा चीनचा?”

“तेव्हा माहीत नव्हतं.”

“मला बी नाय. मी शीव राखाया बसवला. तवापासून पाड्यातली एक शेळी गेली नाय.”

देवराम हसला. ते हसू चांगलं नव्हतं. “वाघाला शिंग असतं का रे? खवले असतात? कुणाला पुजताय तेही तुम्हाला ठाऊक नाही.”

“शिंग नसतं, येवढं कळतं मला. पण हा सगळ्यांच्या समोर तोंड उघडून खातो. तुझ्या साहेबासारखा टेबलाखालून नाय.”

देवरामचं डोकं फिरलं. त्याने देवाला दोन्ही हातांनी धरून हिसका दिला. देव हलला नाही. शेंदूर तेवढा हातांना लागला.

“शिमिटात बसवलाय,” मागून फागूची बायको चिमी म्हणाली. कुंपणाचे खड्डे अर्धे टाकून ती भांडण ऐकायला आली होती. पहार तिच्या हातातच होती.

“वहिनी, दे ती पहार.”

चिमीने नवऱ्याकडे बघितलं.

“दे त्याला,” फागू म्हणाला. “झाकणच हाय ना. फक्त येक सांग, देवराम. मग बूट कशाला काढलेस?”

देवरामने खाली बघितलं. राखेत आणि पिसांत त्याचे उघडे पाय होते. धूर येत राहिला.

मग तो वळून दगडापाशी गेला आणि खाली बसला. मोजे चढवले. बूट घातले. शेंदराच्या हातांनी नाड्या आवळल्या आणि गाठी मारल्या.

परत येऊन त्याने चिमीपुढे हात केला.

“आता दे,” तो म्हणाला.