हवेचा रंग

बाप खुर्चीत बसलाच नाही. त्यानं टेबलावरचा ट्रे जवळ ओढला, कागदी पाकिटातलं नाणं तळहातावर घेतलं आणि खिशातून स्वतःचं भिंग काढलं. कोपर टेबलावर टेकवलं. समोरचा अधिकारी म्हणाला, सावकाश होऊ द्या.

बोट बुडून एकोणीस दिवस झाले होते. अकरापैकी नऊ जण सापडले, ओळखले गेले. राहिले दोघं, त्याचा मुलगा आणि आणखी एक खलाशी. त्यातलाच एक काल किनाऱ्याला लागला होता. चेहरा ओळखण्यापलीकडे गेलेला, उंची दोघांचीही सारखीच. रक्ताच्या तपासणीला महिना लागणार होता. कमरेच्या आतल्या खिशात तेवढं हे एक तांब्याचं नाणं होतं, आणि त्यावरचं साल मुलाच्या जन्माचं होतं. पण त्या सालची नाणी कुणाच्याही खिशात निघाली असती.

मुलाच्या नाण्यावर मात्र चांदीचा मुलामा होता. तो बापानं दिलेला होता. त्याची पस्तीस वर्षं भांड्यांना, बटणांना, बक्षिसांच्या कपांना मुलामा देण्यात गेली होती. पण मुलगा अठराचा झाला तेव्हा ते वापरून झिजलेलं नाणं त्यानं जितकं मन लावून मुलाम्याच्या टाकीत सोडलं, तितकं मन लावून दुसरं काही सोडलं नव्हतं. पुढे मुलगा म्हणाला, मला हा धंदा नको, या वासानं जीव गुदमरतो. बाप नको ते बोलून गेला. मुलगा बोटीवर गेला. दोन वर्षं दोघांत शब्द नव्हता.

बाप नाण्यावर वाकला. नाणं तपकिरी होतं. पण नुसत्या तपकिरी रंगानं काही ठरत नाही, वरची चांदी झिजली की खालचं तांबं उघडं पडतंच. त्यानं उंचवटे पाहिले. मुलामा झिजला की त्याला किनार उरते, इथपर्यंत चांदी आणि इथून तांबं, अशी रेघ दिसते. इथे रेघ नव्हती. रंग उंचवट्यावर फिकट होता, खोलात गर्द होत गेला होता, आणि कुठे सुरू झाला, कुठे संपला, ते सांगता येत नव्हतं. त्यानं अक्षरांच्या बेचक्या पाहिल्या. आकड्यांची पोटं पाहिली. चांदीचा एक कण नव्हता. पुन्हा पहिल्यापासून पाहिलं. तिसऱ्यांदा पाहिलं. मग भिंग खाली ठेवलं.

"यावर कधी मुलामा नव्हता," तो म्हणाला. "हा हवेनं चढलेला रंग आहे. हा आमचा मुलगा नाही."

अधिकाऱ्यानं तसं लिहून घेतलं. बापानं सही केली.

बाहेर लांबलचक व्हरांडा होता. बाकाच्या एका टोकाला मुलाची आई बसली होती. नाणं बघायला ती आत आलीच नव्हती, मला नाही बघवणार म्हणाली होती. दुसऱ्या टोकाला त्या दुसऱ्या खलाशाची बायको होती, मांडीवर नवऱ्याची टोपी घेऊन तिच्यावरून हात फिरवत बसलेली. तिच्याकडे बघायचं धाडस बापाला झालं नाही. तो बायकोला खेटून बसला आणि खालच्या आवाजात सगळं सांगत सुटला. रंग कसा होता, रेघ कशी नव्हती, कण कसा सापडला नाही. दोन वर्षांत तो तिच्याशी इतकं बोलला नव्हता. म्हणाला, पोरगा कुठेतरी आहे. कुणीतरी दुसऱ्या बोटीवर घेतला असेल. सापडू दे, आधी मी माफी मागतो, मग तू बोल.

आई ऐकत होती. तिनं दोन्ही हात गुडघ्यांवर घट्ट दाबून धरले होते. त्याचं संपल्यावर तिनं एवढंच विचारलं, "कड कशी होती?"

"कड?" बाप थांबला. "एका जागी घासलेली होती. कानस मारल्यासारखी. का?"

आई समोरच्या भिंतीकडे बघत सांगू लागली.

"जायच्या आदल्या दिवशी तुम्ही बाजारात गेला होतात. त्यानं नाणं तुमच्याच टाकीत सोडलं. विजेच्या तारा उलट्या जोडल्या. म्हणाला, चढवलेलं असंच उतरतं, बाबांनीच शिकवलंय. जिथे चिमटा धरला होता तिथली चांदी तेवढी निघेना, ती त्यानं कानशीनं काढली. दाराशी मी उभी होते."

बाकाच्या त्या टोकाला टोपीवरचा हात थांबला होता.

बाप म्हणाला, "माझ्या हातचं काहीसुद्धा नको होतं त्याला."

"नाही हो," आई म्हणाली. "म्हणाला, बोटीवर कुणी चांदीचं समजून चोरेल. बाबांनी दिलंय, हे माझ्याजवळच राहायला हवं. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून सांगू नकोस म्हणाला."