झोळीतला माळढोक

“पाखरू आलं की चक्क्या थांबवता आन् माणूस आलं की गेट लावता, असले कसले साहेब तुमी?” ठकुबाई कोकरे दारातूनच गरजली.

पवनचक्क्यांचे साहेब दोन दिवस माळावर एक माळढोक शोधत होते. प्रत्येक माळढोकाच्या पायात चिप असते. ती जवळ आली की पाती आपोआप थांबतात, तसा कायदाच आहे. पण हा पक्षी जागचा हलेना आणि चक्क्या सुरू होईनात. शेवटी यंत्राच्या खुणेवर ते ठकुबाईच्या घरात शिरले. चिप काळ्या दोऱ्यानं झोळीला बांधलेली होती आणि झोळीत ठकुबाईची तान्ही लेक गाढ झोपली होती.

“साहेब, माळढोकानं आंगडं घातलंय!” ड्रायव्हर फिस्सकन हसला.

“बाई, गुन्हा आहे हा!” साहेब ओरडले.

“चिप कुसळात पडलेली घावली. घरामागं चक्की उभी केली तवापास्नं पोर झोपंना, पिलेलं दूध ओकायची. जनसुनावणीत तीनदा सांगितलं. तुमीच म्हनला, मशीन फकस्त पाखरं मोजतं. मग केली पोरीला पाखरू!”

साहेबांनी दोरा तोडला आणि चिप बंद केली. घरामागची पाती घुमू लागली. पोर दचकून उठली, रडून रडून लालबुंद झाली. साहेब गाडीत बसले, तशी ठकुबाई तिला काखेत घेऊन गाडीपुढं उभी राहिली.

“हिच्यासाठी, माणसाच्या पोरीसाठी, ती चक्की कोन थांबवनार? नाव सांगा. तवर गाडी हलायची न्हाई.”