काढून टाकलेले फादर

डॉक्टरांनी हात टेकले, तेव्हा बेकरीवाल्याने बायकोला जवळ बोलावलं. "अगं, फादरना घेऊन ये. लेकीचं ओझं घेऊन मला जायचं नाही." पोटुशी लेक आसऱ्याला आली होती, तेव्हा त्याने तिला दारातूनच हाकललं होतं. ती रस्त्यातच गेली, बाळासकट.

बायको चर्चवरून सरळ पुढे गेली आणि ड्रायव्हिंग शिकवणाऱ्या एका माणसाला घेऊन आली. तो पूर्वी दुसऱ्या गावात फादर होता, बिशपांनी त्याला काढून टाकलं होतं. नवऱ्याने त्याला कधी पाहिलं नव्हतं.

बंद दाराआड बेकरीवाला ढसाढसा रडला, सगळं कबूल केलं. माफी मिळाल्यावर त्याने चक्क चहा मागितला. बायकोने फुंकर घालून एकेक चमचा पाजला. मग म्हणाली, "अहो, ते फादर काढून टाकलेले आहेत. त्यांची माफी चालत नाही."

"दुसरे आण, अगं दुसरे आण," करत तो तिचा हात ओढत राहिला. ती जागची हलली नाही. त्यातच तो गेला.

दफनानंतर चर्चच्या फादरनी विचारलं, तेव्हा तिने कोणाला आणलं होतं ते सांगून टाकलं. फादर समजुतीने म्हणाले, "बाई, घोर लावून घेऊ नका. माणूस मरणाच्या दारात असला, की काढून टाकलेल्या फादरने दिलेली माफीही पूर्ण चालते. तुमचे यजमान पापमुक्त होऊनच गेले."




"असू दे, फादर. त्यांना कुठे माहीत होतं!"