प्रमुखाचं नाव शेवटी

साहेबांनी कोरा अर्ज टेबलावर ठेवला. "जागा एकच आहे. मी एकाचं नाव घातलं की बाकीचे चौघे वर्षभर तोंड फुगवून बसतील. तुमचं तुम्ही ठरवा आणि चारच्या आत मला द्या." एवढं बोलून फोन कानाला लावून ते बाहेर निघून गेले.

बायकांना लहान कर्जं देणाऱ्या संस्थेच्या त्या शाखेत कर्जदारांचे गट बांधायचं आणि वसुलीचं काम करणारे ते पाच जण होते. अर्ज मुख्य कार्यालयाच्या प्रशिक्षण केंद्राचा होता. सहा महिन्यांचा अभ्यासक्रम, आणि तो पुरा करील तो पुढे प्रशिक्षक. म्हणजे फिरती कायमची संपली. प्रत्येक शाखेतून दर वर्षी एकच जण.

पाचांतल्या सगळ्यांत थोरल्या ताईंना ती जागा हवी होती. एकोणीस वर्षं त्या स्कूटरवरून वस्त्या पालथ्या घालत होत्या, जमिनीवर मांडी घालून नव्या कर्जदार बायकांना समजावत होत्या. आता बसल्यावर उठताना भिंतीचा आधार लागे. पण गुडघ्यांचं एक वेळ राहू दे. शिकवणं ही एकच गोष्ट आपल्याला बऱ्यापैकी जमते, असं त्यांना वाटे. तेही अगदी खात्रीने नाही. अर्जाच्या तळाशी बारीक अक्षरांत एक अट होती: उमेदवाराला पन्नास वर्षं पूर्ण झालेली नसावीत. ताईंची पन्नास येत्या मार्चमध्ये पूर्ण होणार होती. बाकी चौघांनी ती ओळ वाचलीच नव्हती. पस्तिशीच्या आतल्या माणसाला असली ओळ दिसतही नाही.

"चिठ्ठ्या टाकू," चष्मेवाला म्हणाला.

"छे! शाळेपासून एकाही चिठ्ठीत माझं नाव निघालेलं नाही," दाढीवाला म्हणाला. मग त्याने टेबलावर थाप मारली. "अरे, आपण बायकांना रोज काय शिकवतो? पाच जणींचा गट करा, आधी कुणाला ते गटात ठरवा. आपण पाचच आहोत की! करू गट. नियम तेच."

सगळे हसले, पण कल्पना पटली. नियम त्यांना झोपेतही पाठ होते. आधी गटाने प्रमुख निवडायची. मग जिची नड मोठी तिला आधी कर्ज, त्यानंतर उरलेल्यांना, आणि प्रमुखाला सगळ्यांच्या शेवटी. तिचं स्वतःचं मिळायचं बाकी असलं, की ती इतरांचे हप्ते चुकू देत नाही. हा नियम शाखेत सगळ्यांत छान समजावून सांगत त्या ताईच.

"मग प्रमुख कोण?" धाकटीने विचारलं. तिला नोकरीला लागून दोनच वर्षं झाली होती.

"हे काय विचारणं झालं? ताई असताना दुसरं कोण?" दाढीवाला म्हणाला.

चौघांनी टाळ्या वाजवल्या. धाकटीने उठून ताईंची खुर्ची टेबलाच्या मधोमध सरकवली. त्यात खोटं काही नव्हतं. चौघांचाही ताईंवर जीव होता. कुणाची वसुली अडली की त्याच्याबरोबर उन्हातान्हाचं जायला ताईच असत.

क्षणभर ताईंना बरं वाटलं. मग त्यांनी मनातल्या मनात वर्षं मोजली.

तोवर नडी सांगणं सुरू झालं होतं. धाकटीचं लग्न ठरलं होतं, आणि होणारा नवरा मुख्य कार्यालयाच्याच शहरात नोकरीला होता.

"म्हणजे संस्थेच्या खर्चाने सहा महिने हिंडणार ही!" दाढीवाला म्हणाला.

"जळा तुम्ही," धाकटी म्हणाली.

चष्मेवाल्याला दुसरं मूल होणार होतं. दाढीवाल्याला घरचे 'कधी साहेब होणार' म्हणून टोचत होते. अबोल्या "मला कधीही चालेल" एवढंच म्हणाला आणि कसा कोण जाणे, दुसरा नंबर पटकावून बसला. कागदावर वर्षाला एक अशी चार नावं उतरली. पाचव्या ओळीत दाढीवाल्याने ठसठशीत अक्षरांत 'ताई, प्रमुख' असं लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या.

"घ्या ताई, प्रमुखाची सही."

ताई मान खाली घालून हसल्या. हसता हसताच ते हसू त्यांना ओळखीचं वाटलं. गट बांधताना अशाच टाळ्या वाजत. ज्या बाईसाठी त्या वाजत, ती बहुतेक वेळा वयाने सगळ्यांत मोठी असे, आणि ती अशीच मान खाली घालून हसे. लाजली बिचारी, असं मनात म्हणून ताई पुढच्या गटाकडे वळत. बाई, तुम्हाला पैसे कधी हवेत, हे त्यांनी त्यांतल्या एकीलाही विचारलं नव्हतं.

त्यांनी पेन खाली ठेवलं.

"मला प्रमुख व्हायचं नाही. मला यंदाच जायचंय."

दाढीवाला हसला. "ताई, थट्टा करता काय! अहो, मान आहे तो."

"तळाची ओळ वाच."

त्याने वाचली. चष्मेवाल्याने चष्मा वर सरकवून वाचली. धाकटीचा चेहरा उतरला.

"अहो ताई, मग आधी बोलायचं ना!"

"आधी विचारायचं ना," ताई म्हणाल्या.

कुणी वाद घातला नाही. कागदावरची नावं एकेक ओळ खाली सरकली आणि ताई वर गेल्या. आता प्रश्न उरला प्रमुखाचा, कारण प्रमुखाशिवाय गट होत नाही.

"तू हो," दाढीवाला चष्मेवाल्याला म्हणाला.

"मी? तुमच्याइतका अनुभव कुठाय मला?"

"मग मान धाकटीला देऊ."

"मला नको हं! मी सगळ्यांत लहान आहे."

अबोल्या पाणी प्यायला म्हणून उठून गेला तो आलाच नाही. बाकीचे तिघे एकमेकांना आग्रह करत राहिले.

चार वाजता साहेब आत आले, तेव्हा ताईंचा भरलेला अर्ज त्यांच्या टेबलावर होता आणि गटाला अजून प्रमुख मिळालेला नव्हता.