खळ्यावरचं स्टेशन

नव्या लोकल मार्गावरची पहिली गाडी यायची होती. गुळगुळीत फलाटावर पाऊल टाकण्याआधी हर्षालीच्या सासूबाईंनी वाकून चपला काढल्या आणि हातात घेतल्या.

"आजी, देऊळ नाही हे, स्टेशन आहे!" कुणीतरी ओरडलं, तसे सगळे हसले. हर्षालीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"तुमच्या कोण?" शेजारच्या बाईंनी विचारलं.

"आमच्या... गावच्या आहेत," ती बोलून गेली.

सासूबाईंनी ते ऐकलं. त्या बाईंना शांतपणे म्हणाल्या, "इथं आमचं खळं होतं हो. रेल्वेत गेलं. भात झोडायच्या जागी चपला घालून कशी जाऊ?"

लग्न झाल्यापासून प्रत्येक सुगीला हर्षालीही इथेच अनवाणी राबली होती.

"मग घरचं कुणी नाही का बरोबर?"

सासूबाईंनी सुनेकडे पाहिलंसुद्धा नाही. "सुनेला सवड कुठली, लहान लेकरू आहे तिला. ही गावातलीच पोर. पण लेकीसारखी जपून नेतेय मला."

गाडी आली. चढताना हर्षालीने त्यांचा हात घट्ट धरला. 'आई' म्हणायला मात्र तिची जीभ रेटेना.