मामांचा वेग

"पुन्हा गेला," भाची म्हणाली आणि खुर्चीत मागे रेलली. संगणकाचा पडदा निळा पडला होता.

मामी दारात उभी होती, पदराला हात पुसत. सकाळपासून भाचीने त्या संगणकाचा नुसता पिच्छा पुरवला होता. पंख्यांमधली धूळ काढली, मेमरीच्या पट्ट्या उपसून पुन्हा बसवल्या, प्रोसेसरवरचा वाळलेला लेप खरवडून नवा लावला. संगणक सुरू व्हायचा, थोडा वेळ शहाण्यासारखा वागायचा आणि जरा जड काम दिलं की मान टाकायचा.

"मामी, मामांनी याला ओव्हरक्लॉक करून ठेवलाय. म्हणजे कंपनीने ठरवून दिलेल्या वेगापेक्षा जास्त पळवलाय. आता त्याला ते झेपत नाहीये. मूळ वेगावर आणते, मिटला प्रश्न."

"ते होते तोवर झेपत होतं की."

संगणकाचं हे सगळं भाचीला मामांनीच शिकवलं होतं. मामांना कशातच धीर नव्हता. रस्त्याने चालताना ते कायम पुढे असायचे, वळणावर थांबून "येतेस ना?" म्हणायचे आणि ती पोचायच्या आत पुन्हा चालू लागायचे. गेलेही तसेच, चालताबोलता, मामी बाजारातून यायच्या आत.

भाचीने मूळ वेग लावला. मामी स्वयंपाकघरात गेली, चहाचं आधण ठेवलं, आणि हातात साखरेचा डबा घेऊन तशीच परत आली.

"बंद पडला का गं?"

"छे, मस्त चाललाय. केव्हाचं जड काम देऊन ठेवलंय."

"मग आवाज कुठे गेला?"

"वेग कमी केला ना. तापत नाही, म्हणून पंखेही हळू फिरतात. चांगलंच आहे ते."

मामी पलंगाच्या कडेवर टेकली. डबा मांडीवर ठेवला.

"मला त्यातलं काही कळत नाही," ती म्हणाली. "दुपारी मी तो नुसता चालू करून ठेवते. तो मासे पोहतात तो खेळ लावते, त्याने तो चांगला घरघरतो. तिकडे भांडी घासताना घरघर ऐकू आली की वाटतं, आहेत आत. काहीतरी खुडबुड चाललीय त्यांची."

भाचीने मामांचा वेग परत लावला. प्रोसेसरला वीज कमी पडत असेल म्हणून व्होल्टेज किंचित वाढवून पाहिलं. संगणक आणखी लवकर बंद पडला. तिने कपाळाला आठ्या घातल्या, संगणकाच्या पेटीमागे तळहात धरला, मग ओढणीने मान पुसली.

"मामी, ही खोली एवढी का तापलीय?"

आणि मग तिचं लक्ष गेलं. टेबल खिडकीला चिकटून होतं. हवा आत ओढणाऱ्या पंख्याचं तोंड नेमकं खिडकीकडे होतं. खिडकी मात्र घट्ट लावलेली, वर फटीत कापड कोंबलेलं.

"मामा ही खिडकी उघडी ठेवायचे का गं?"

मामीला हसू आलं. "काय विचारतेस! उभा संसार या खिडकीवरून भांडलोय आम्ही. मी म्हणायची धूळ येते, ते म्हणायचे हवा येते. मी लावायची, माझी पाठ फिरली की हे उघडायचे."

"मग त्या हवेच्या भरवशावरच त्यांनी हा वेग बसवलाय. तू खिडकी बंद केलीस, म्हणून जीव गुदमरतोय त्याचा." भाचीने कडीला हात घातला.

"थांब."

मामीचा आवाज असा आला की भाचीचा हात खाली आला.

"वास जाईल," मामी म्हणाली. "थोडाच उरलाय आता."

बामाचा, सोल्डरिंगच्या जळक्या तारेचा आणि त्यांचा स्वतःचा, असा तो वास होता. खुंटीवर त्यांचा स्वेटर लटकत होता.

"स्वेटर कपाटात ठेवूया ना, पिशवीत घालून."

"स्वेटरचा नाही गं. खोलीचा आहे."

स्वयंपाकघरात आधण उकळून आटत चाललं होतं. दोघीही उठल्या नाहीत. भाची हळूच म्हणाली, "मग मूळ वेगावरच ठेवते. चालेल निमूट."

"निमूट कधी होते का ते?" मामी म्हणाली.

ती उठली. डोळे मिटून एक खोल श्वास घेतला, जमेल तेवढा आत भरून घेतला. मग फटीतलं कापड ओढून काढलं आणि कडी सरकवली. खिडकी आखडली होती, खांदा लावावा लागला. बाहेरची गार हवा आत आली, तिच्यामागून रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज. स्वेटरची बाही हलली.

भाचीने संगणक सुरू केला आणि मासे सोडले. घरघर वाढत गेली, चढली आणि तिथेच टिकली. चहा दुसऱ्यांदा करावा लागला. तो होऊन, पिऊन झाला तरी पडदा निळा पडला नाही.

संध्याकाळी भाची गेली. मामी फडकं घेऊन खोलीत आली आणि उगीच एक श्वास घेऊन पाहिला. नुसती हवा होती. पेटी घरघरत होती. तिने टेबलावरून बोट फिरवलं आणि ते रिकाम्या खुर्चीसमोर धरलं.

"बघा," ती म्हणाली. "सांगत होते ना, धूळ येते म्हणून?"

मग खिडकी तशीच उघडी ठेवून ती भांडी घासायला गेली.