पळसाखालचा देव

दिवाळीला पुण्याहून गावी आलेले गोपाळ आणि राजेश्री सीताफळं शोधत बोरी गावाच्या पलीकडच्या जंगलात शिरले. डोळे उघडलेलं फळ दिसलं की राजेश्री पुढं पळायची. ओढा ओलांडल्यावर मात्र ती थबकली. पळसाखाली शेंदूर फासलेला एक दगड होता. भोवती नारळाच्या करवंट्या, हिरव्या बांगड्या, आणि फांद्यांना बांधलेले लाकडाचे चिमुकले पाळणे. बायनाबाई नावाची एक म्हातारी तिथं झाडलोट करत होती.

"कोणता देव हाय हा, मावशी?" राजेश्रीनं विचारलं.

"नाव कुणालाच ठावं न्हाई, बाई. गुराख्याला सापडला. पर लेकरासाठी लय पावतो. तुला किती हायत?"

"लय वर्सांमागं एक झालं होतं, हितंच गावी. जगलं न्हाई."

"मग पसर की पदर. कुणाला रिकामं धाडत न्हाई ह्यो."

राजेश्रीनं चपला काढल्या, पदर पसरला आणि दगडावर डोकं टेकवलं. बराच वेळ तिनं ते उचललंच नाही. मग तशीच वाकून नवऱ्याला म्हणाली, "तुमी पण या की. दोघांनी मिळून मागावं लागतंय."

गोपाळ जागचा हलला नाही.



लेकराला पुरल्यावर कोल्ह्यांनी उकरू नये म्हणून ओढ्यातला हा दगड त्यानंच आणून वर ठेवला होता. आणि जागा आईला कधी सांगायची नसते, असं तेव्हा बरोबरचे सगळे म्हणाले होते.